कोजागरीचं चांदणं आणि तबलजीचे दीड हजार

पुण्याहून एक पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाली आहे, म्हणून छापत नाही. मजकूर थोडा आटोपशीर केलाय, इतकंच.

‘काका, नमस्कार. मी गायन घेऊन एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिवाय आठ वर्षं गुरुजींकडे वेगळी तालीम चालू आहे. आमच्या विभागात कोजागरीला विद्यार्थ्यांची मैफल असते. यंदा माझी वर्गमैत्रीण पहिल्यांदाच एकटी गाणार होती. तिच्यामागे तानपुऱ्याला बसायचं मी महिनाभर आधी कबूल केलं होतं. तीन दिवस आधी नाशिकच्या एका मंडळाचा फोन आला. त्यांच्या गायिकेचा घसा बसला होता, कोजागरीला तासभर गाशील का म्हणाले. अशी संधी परत येत नाही म्हणून मी हो म्हटलं. विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर “काही अपरिहार्य कारणास्तव उपस्थित राहू शकत नाही” असा मेसेज टाकला. गुरुजींना सांगायचं राहून गेलं. तिथे मी त्यांनीच बांधलेली मालकंस रागातली बंदिश गायले. लोकांना आवडली. कुणीतरी व्हिडिओ टाकून मला टॅग केलं, मी तो पुढे टाकला आणि मग तो सगळ्यांनीच पाहिला. तबल्याला विभागातलाच एक मित्र नेला होता. त्याचे साडेतीन हजार ठरले होते, पण मंडळाचं पाकीट उघडलं तर आत पाचच हजार. जाण्यायेण्याचा खर्च माझाच झाला होता, म्हणून त्याला दोन दिले. आता मैत्रीण बोलत नाही. मॅडम म्हणाल्या, “अंतर्गत गुण अजून द्यायचेत, लक्षात आहे ना?” गुरुजी शिकवतात, पण पहिल्यासारखं नाही. मित्राला परत विचारलं तर म्हणतो, बघू. काका, संधी घेतली हा गुन्हा आहे का? आणि सगळे ज्याला “प्रोफेशनल” वागणं म्हणतात ते आपल्या संगीतात नेमकं काय असतं? ही नोकरी थोडीच आहे?’

मुली, नाशिकला गेलीस ते बरं केलंस. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तू दात-ओठ खाणार नाहीस. एका मंडळाची कोजागरी ऐनवेळी अडली होती, ती तू सोडवलीस. तीन दिवसांच्या हाकेवर तासभर मालकंस मांडायची तयारी तुझ्या गळ्यात होती, हे आठ वर्षांच्या तालमीचं देणं आहे. तेविसाव्या वर्षी अशी हाक आली तर उठून जावंच माणसानं.

पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि दर वेळी एकाच गोष्टीपाशी थांबलो. तू ज्याच्याशी ज्या भाषेत बोलायला हवं होतंस, ती भाषा दुसऱ्याच कुणाशी वापरलीस. रोज जिच्या डब्यातली चटणी खातेस त्या मैत्रिणीला ‘अपरिहार्य कारणास्तव’ कळवलंस. ती कचेरीची भाषा, तिची जागा अर्जात. पैशाचा ठरलेला व्यवहार होता तो तबलजीशी, तिथे मात्र दोस्तीखात्यात ‘घे रे सांभाळून’ केलंस. आणि गुरुजी, ज्यांच्याशी आठ वर्षांचं बोलणं आहे, त्यांच्याशी बोललीच नाहीस. तिघांना तीन जखमा झाल्या आणि तिन्ही वेगवेगळ्या आहेत. म्हणून एक ‘सॉरी’ सगळ्यांना फॉरवर्ड करून हे मिटायचं नाही.

यात दोष सगळा तुझा आहे असं मला वाटत नाही. तुझी पिढी दोन घरांत एकाच वेळी वाढते आहे. विष्णू दिगंबर पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या घरी राहून शिकले आणि त्यांनीच ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. एकाच माणसाच्या आयुष्यात गाणं गुरूच्या ओसरीवरून वर्गात आलं, वेळापत्रकात बसलं. त्याला सव्वाशे वर्षं होत आली. पण ओसरीवरच्या रीतीभाती कुणी लिहून ठेवल्या नव्हत्या, त्या बघून कळायच्या. वर्गातले नियम लिहिलेले असतात: हजेरी ७५ टक्के, प्रात्यक्षिकाची वही, सादरीकरण अमुक मिनिटांचं. आणि मैफलीचा जो व्यवसाय आहे त्याचे नियम ना कुणाच्या ओसरीवर शिकवतात ना अभ्यासक्रमात. तो फोनवर चालतो. कोण वेळेवर येतं, कोण पैसे ठरवून फिरवतं, कोण सूर लावायला अर्धा तास घेतं, हे सगळं साथीदार एकमेकांना गाडीत सांगत असतात. मी चाळीस वर्षं पेटी घेऊन त्या गाड्यांतून फिरलोय. चाकण ओलांडेपर्यंत गायकाची पूर्ण कुंडली मांडून झालेली असते, बाई!

आता माझं एक ऐक.

१९८८च्या सुमारास मी एका बुवांच्या साथीला ठरलेला होतो. साधी घरगुती बैठक, पैसे जेमतेम. आदल्या दिवशी साताऱ्याहून नाट्यसंगीताच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं, दुप्पट बिदागी. मी बुवांच्या शेजाऱ्यांकडे फोन करून निरोप ठेवला, ‘ताप भरलाय.’ आणि साताऱ्याला गेलो. संध्याकाळी बुवांच्या पत्नी स्वतः आमच्या घरी आल्या. तांदळाची पेज, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं, असा तीन कप्प्यांचा डबा घेऊन. दार आईनं उघडलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ‘तो साताऱ्याला गेलाय की,’ म्हणाली. वहिनींनी डबा ठेवला, पाणी प्यायल्या आणि गेल्या. बुवा मला त्याबद्दल एक अक्षर कधी बोलले नाहीत. पुढची अकरा वर्षं त्यांनी मला बोलावलंही नाही. डबा परत द्यायला गेलो तेव्हा वहिनींनी चहा दिला, त्यात साखर बरोबर होती, सगळं बरोबर होतं. त्या चहाइतकं कडू मी आजवर काही प्यायलेलो नाही.

साताऱ्याला गेलो याचं मला आजही काही वाटत नाही. ‘बुवा, दुप्पट पैसे मिळतायत, घरात अडचण आहे, माझ्या जागी अमक्याला पाठवतो’ असं म्हटलं असतं तर चार शिव्या देऊन त्यांनी सोडलं असतं. तुझं ‘अपरिहार्य कारण’ हा माझ्या तापाचा सख्खा भाऊ आहे. फरक इतकाच की माझं बिंग आईनं फोडलं आणि तुझं तू स्वतः व्हिडिओ पुढे टाकून फोडलंस.

मैत्रिणीचं दुःख काय आहे ते तुला नीट कळलंय का, याची मला शंका आहे. ‘तानपुऱ्याला काय, कुणीही बसतं’ असं तुझ्या मनात कुठेतरी असणार, नाहीतर महिनाभर आधीचा शब्द तीन दिवस आधी ग्रुपवर मोडला नसतास. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, फार आनंद झाला. तो घेऊन मागे बसणाऱ्याला मान द्यायचं मात्र आपण अजून शिकतोय. पहिल्यांदा एकटी गाणारी मुलगी मंचावर बसते तेव्हा समोरचा अंधार तिचा नसतो, तबलजी आपला ठेका बघत असतो, पेटीवाला (माझ्यासारखा असेल तर) स्वतःच्या बोटांवर खूश असतो. तिची अशी एकच व्यक्ती असते, ती पाठीमागे. दिव्यांच्या उष्णतेनं तार उतरली तर गाणं न थांबवता ती सावरणारी. जव्हारीचा, म्हणजे तारेला झंकार देणारा, दोरा केसभर सरकवणारी. तान फसली तर मान खाली न घालणारी. मागे बसलेल्यानं खोकायचं नाही, फोन बघायचा नाही, समेवर मोठ्यानं वाहवा करायची नाही, आणि मुख्य म्हणजे उठायचं नाही. तू बसायच्या आधीच उठलीस. तिनं मग कशावर भागवलं? इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर, असं मी धरून चालतो. त्याचा सूर हलत नाही हे खरं. पण त्याच्याकडे वळून बघता येत नाही.

तीन दिवस हातात होते. एक फोन, मग एखादी ज्युनिअर मुलगी शोधणं, तिला मैत्रिणीची पट्टी, म्हणजे ती पेटीवरचा कुठला सूर ‘सा’ धरून गाते ते, सांगणं, राग मालकंस किंवा चंद्रकंस असेल तर पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाला लावायची याची आठवण करणं, एकदा दोघींना समोरासमोर बसवणं. दीड तासाचं काम. शब्द मोडावा लागतो कधीकधी, मीही मोडलेत. पण मोडणाऱ्यानं बदली माणूस स्वतः शोधून द्यायचा असतो, हा आमच्या धंद्यातला न लिहिलेला पहिला नियम. बदली दिली की बहुतेक ठिकाणी माफी मागायचीसुद्धा वेळ येत नाही.

आता तबलजी. इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण मी त्याच बाजूला बसणारा माणूस आहे.

साडेतीन हजार ठरले होते. कुणी ठरवले? तू. मंडळाशी त्याचं काही बोलणं झालं होतं का? नाही. मग मंडळानं पाच दिले काय, पन्नास दिले काय, किंवा नुसतं केशरी दूध पाजून पाठवलं काय, तो तुझा आणि मंडळाचा मामला. त्याचे साडेतीन त्याचेच. तुझ्या हातात दीड उरले असते, त्यातून प्रवासखर्च गेला असता आणि तू पदरचे घालून नाशिकला गाऊन आली असतीस. हो, असंच. सुरुवातीच्या दिवसांत बऱ्याच गायकांनी अशा मैफली केल्यात. वाईट वाटतं मान्य, पण त्यावरचा उपाय तबलजीच्या खिशात नव्हता, तो फोनवर हो म्हणायच्या आधी होता. पुढच्या वेळी मंडळाचा फोन आला की आनंद होऊ दे, फोन ठेव, आणि मग एक साधा मेसेज टाक: तारीख, ठिकाण, किती वाजता पोचायचं, किती वेळ गायचं, मानधन किती, त्यात साथीदार धरलेत की वेगळे, प्रवास आणि मुक्काम कुणाचा, पेटी तिथली की न्यायची. चांगल्या मंडळांना याचा राग येत नाही. राग आला तर पाकीट कसं निघणार ते तिथेच कळलं म्हणायचं.

आणि त्या मित्राकडे एकदा तबलजी म्हणून बघ. तू काळी चार पट्टीत गात असशील तर त्याला मोठ्या तोंडाचा दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, घ्यावा लागतो. विभागात मुलाबरोबर पांढरी एकला वाजवत असेल तर तो वेगळा. म्हणजे नाशिकच्या प्रवासात त्यानं वजन वाहिलं ते तुझ्या पट्टीसाठी. बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतली मुख्य बंदिश, विलंबित एकतालात घेणार की तिलवाडा तालात, लय किती खाली ठेवणार, हे तू त्याला निघायच्या आधी सांगितलं होतंस की मंचावरच हातानं दाखवलंस? त्या रात्री विभागाच्या मैफलीत त्यालाही कुणाची साथ होती का? तुझ्या पत्रात याचं काही नाही, म्हणून विचारतोय. आणखी एक. तो व्हिडिओ तू पुढे टाकलास तेव्हा खाली त्याचं नाव होतं का? मला उत्तर नको. तू जाऊन बघ, आणि नसेल तर आज घाल. पेटीवाल्याचंही.

गुरुजींचं प्रकरण वेगळं आहे. तिथे पैसा नाही, शब्दही दिलेला नव्हता, तरी सगळ्यात खोल तेच गेलंय. बाहेर गाण्याआधी गुरूला विचारावं या रीतीची आजकाल टिंगल होते, परवानगी कसली मागायची म्हणतात. मलाही गंडा, म्हणजे शिष्यत्वाचा धागा, बांधून आयुष्य गहाण टाकण्याचं कौतुक नाही. गुरूघरी पाणी भरण्याच्या गोष्टी ऐकून डोळे पुसणाऱ्यांतला मी नव्हे. पण विचारण्यामागे एक साधं कामाचं कारण असतं. तीन दिवस हातात होते. गुरुजींना कळलं असतं तर त्यांनी तीन दिवस तुझ्याकडून तेवढाच मालकंस घोटून घेतला असता. ‘मध्यमावर इतकी रेंगाळू नकोस, तासच आहे’ असं काहीतरी म्हणाले असते. तू त्यांच्याकडून आज्ञा गमावली नाहीस, तालीम गमावलीस.

शिवाय बंदिश त्यांची. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी छापून ठेवलेल्या शेकडो बंदिशी आहेत, त्या कुणीही गाव्यात, त्यासाठीच त्यांनी ते कष्ट उपसले. पण हयात माणसानं बांधलेली आणि तोंडी दिलेली चीज मंचावर नेताना आधी कानावर घालावं, आणि मंचावर नाव घ्यावं. आपल्याकडे मुद्रा असते ती उगाच नव्हे. ‘प्रेमपिया’ आलं की फैयाज खाँसाहेब, ‘प्राणपिया’ आलं की विलायत हुसेन खाँसाहेब, ‘गुणिदास’ म्हटलं की जगन्नाथबुवा पुरोहित. अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, रचनाकार स्वतःची सही ठेवून जातो. तुझ्या गुरुजींच्या बंदिशीत मुद्रा असेल तर ती गाताना तू त्यांचं नाव घेतलंसच, पण समोरच्याला ते कळलं नसणार. आणि मुद्रा नसेल तर त्यांच्या कानावर ती बंदिश पहिल्यांदा अनोळखी माणसाच्या फोनवरच्या व्हिडिओतून पडली, खाली तुझं नाव लिहिलेलं. चिडणार नाहीत? मी तर पेटीचं झाकण आपटलं असतं. ते शिकवतायत अजून. याचा अर्थ दार उघडं आहे.

मॅडमबद्दल. त्या वाक्याचा सूर मला पत्रात ऐकू येत नाही. वैतागून टाकलेला टोमणाही असू शकतो. कार्यक्रमाची यादी, खुर्च्या, दूध आटवायचं पातेलं आणि ऐनवेळी गायब झालेली तानपुरेवाली हे सगळं सांभाळणाऱ्या बाईला तेवढी सूट द्यावी. भेट, खरं कारण सांग, माफी माग. पण हेही सांगतो की कोजागरीला तानपुऱ्याला न बसल्याचा हिशेब अंतर्गत गुणांत मांडता येत नाही. ते गुण ज्या कामासाठी आहेत त्या कामाचेच. तुझं ते काम पुरं असूनही गुण कापले गेले तर विभागप्रमुखांना लेखी दे, तिथे नाही झालं तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या नियमांनुसार तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल असतो. रागारागात नव्हे, कागद हातात ठेवून.

तू विचारलं नाहीस, पण संगीताच्या विद्यार्थिनीला उत्तर देताना हे गाळणं मला जमत नाही. नीट वागणं ही शिष्याचीच जबाबदारी, असं आमच्या क्षेत्रात सोयीस्करपणे धरलं जातं. एकट्यानं तालमीला घरी बोलावणं, स्पर्श, रात्रीचे मेसेज, ‘गुरूला नाही म्हणायचं नसतं’ हे वाक्य, यातलं काही कधी वाट्याला आलं तर तिथे आदर, परंपरा, घराणं काही आड येऊ द्यायचं नाही. प्रत्येक विद्यापीठात अंतर्गत समिती असावीच लागते, लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा आणि त्यावरचे अनुदान आयोगाचे २०१५चे नियम तसं सांगतात. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते, म्हणून मुदत लक्षात ठेव. तुझ्या मागच्या वर्गातल्या मुलींनाही सांग.

आता काय करायचं ते, आणि क्रम महत्त्वाचा आहे. तुला वाटेल आधी गुरुजींच्या पायावर डोकं ठेवावं. नको. आधी तबलजी. दीड हजार पाठव, आणि पाठवताना ‘तेव्हा मला कमी मिळाले होते रे’ ही कथा परत लावू नकोस. ‘तुझे राहिलेले’ एवढंच लिही. मग मैत्रीण, समोरासमोर, कॅन्टीनमध्ये नाही. तिनं त्या रात्री काय गायलं ते विचार, आणि तिनं सांगितलं तर मध्ये नाशिकचं काही आणू नकोस. मॅडम तिसऱ्या. या तिघांचं झाल्यावर गुरुजींकडे जा, म्हणजे ‘बाकीच्यांचं काय केलंस?’ असं त्यांनी विचारलं तर तुझ्याकडे उत्तर असेल. विचारतीलच असं मला वाटतं.

माझी ही उत्तरं छापून हातात पडेपर्यंत पंधरवडा जातो. तेव्हा तबलजीचे पैसे हे वाचायच्या आधीच गेलेले असतील तर उत्तम. नसतील तर पान बाजूला ठेव, फोन घे.